दुबार पेरणीचं बी

१९ जून १९९६, बुधवार

जानेवारीत कंपनीने दिलेली ही डायरी आजवर गल्ल्याखाली पडून होती. आज उघडली, कारण आज कोणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि बायकोला, चांगुणाला सांगितलं की ती म्हणते, "बरं, हात धुवा, जेवायला वाढते."

वाटूर फाट्यावरच्या माझ्या दुकानातला 'सुफल' कंपनीच्या कपाशीच्या बियाण्याचा सगळा माल संपला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला, तराजू धरणारा मीच पहिला. जालन्याच्या मोंढ्यातले मारवाडी व्यापारी अजून मला 'कास्तकाराचं पोर' म्हणतात. म्हणू द्या. परतूर तालुक्याचा डिस्ट्रीब्यूटर मी आहे.

यात पुंजारामदादाचा वाटा मोठा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वाटूरची शेती तोच बघतो. पारावर बसून त्याने सगळ्या गावाला सांगितलं, "माझ्या भावाच्या दुकानातलं सुफल घ्या, दुसरं घेऊ नका." गावानं ऐकलं. पाऊसही वेळेवर झाला. सगळ्यांची सरकी लावून झाली आहे.

दुपारी कंपनीचे एरिया मॅनेजर देवानंद साहेब जीप घेऊन आले. चहा पिता पिता म्हणाले, "भुजंगराव, बरं केलं लवकर मोकळे झालात. मी तेच सांगत होतो, यंदा माल अंगावर ठेवू नका." माझी एवढी काळजी करणारा दुसरा माणूस या धंद्यात नाही. शिल्लक किती, कोणत्या गावात किती गेलं, सगळं खोदून खोदून विचारत होते.

आमच्या विक्रेता संघाचा माणूस वर्गणीला येऊन गेला. वर्गणी दिली, पण संघ काय करतो हे मला अजून समजलेलं नाही. हुकमचंद शेठ अध्यक्ष. जिल्ह्याची मुख्य एजन्सी त्यांची, आमचा माल त्यांच्याच गोडाऊनमधून येतो. मीटिंगमध्ये चहा पितात, हार घालतात, घरी जातात.

२५ जून, मंगळवार

सकाळी दुकान उघडत होतो तर दादा पायरीवर बसलेला. मूठ मिटलेली. त्याने मूठ माझ्यापुढे उघडली. मातीत माखलेल्या सरक्या. एक उचलून बोटाने दाबली तर पचकन फुटली, आत काळी. कुजका वास आला.

"सगळ्या रानात असंच?" मी विचारलं.

"तासंच्या तासं, वळीच्या वळी मोकळ्या हायेत. एखादा कोंब वर आल्ता तोबी पिवळा पडून बसला."

"पाऊस जास्त झाला असंल दादा. खोल पडलं असंल."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शिवी देईल. पण तो फक्त म्हणाला, "मी लहानपणापासून सरकी लावून राह्यलो, भुजंगा." आणि उठून गेला. चहासुद्धा घेतला नाही. माझ्यावरचा राग त्याच्या चालण्यातून दिसत होता. पारावरून जायचं सोडून तो मागच्या गल्लीने, मान खाली घालून गेला.

२६ जून

आनंदवाडी, पाटोदा, सगळीकडून तेच. जेवण गेलं नाही.

२७ जून, गुरुवार

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

सकाळी दुकानापुढे माणसं जमली. आधी बोलणी, मग आरडाओरडा. नाव घेऊन शिव्या देणारे सगळे माझ्या ओळखीचे. कोणाच्या लग्नात मी वाढपी होतो, कोणाच्या पोराला शाळेत घातलं होतं. पाटीवर शेण फेकलं. मी आत गेलो आणि शटर ओढायला लागलो, तर चांगुणाने माझा हात धरला.

"शटर लावलं की झालं मंग. पुन्ना उघडायची हिंमत व्हणार न्हाई तुमची."

ती स्वतः बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली. तिला पाहून शिव्या थांबल्या, पण माणसं हलली नाहीत.

दुपारी कृषी खात्याचे निरीक्षक आले. इतर कंपन्यांच्या उरलेल्या मालालाही सील ठोकलं, माझा परवाना निलंबित केला. आमच्याकडे सुफल विकलेल्या सगळ्या डिस्ट्रीब्यूटरांचं हेच झालंय म्हणे.

सगळे गेल्यावर देवानंद साहेब आले. खांद्यावर हात ठेवला. मला रडू कोसळलं. ते म्हणाले, "तुमचा दोष नाही, कंपनीचाही नाही. कारखान्यातून निघालेलं बी सोन्यासारखं होतं. मधे कुठे ओल लागली, ते शोधावं लागेल." मग हळूच विचारलं, "मे महिन्यात तुम्ही माल आणायला गेला होतात ना, हुकमचंदचं गोडाऊन कसं होतं?"

तेव्हा आठवलं. गोडाऊनच्या छपराचे पत्रे काढलेले होते. वर कारागीर बसले होते. आतून आभाळ दिसत होतं.

मी तसं सांगितलं. साहेबांनी दोनदा वदवून घेतलं.

२९ जून, शनिवार

जालन्याला संघाची मीटिंग. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. जो तो आपलं रडगाणं सांगत होता. हुकमचंद शेठ समोर बसले होते. पांढरी टोपी, चष्मा नाकावर. त्यांच्यापुढचा चहा तसाच थंड झाला.

माझी पाळी आली तेव्हा मी दुकानाचं सगळं सांगायला लागलो. शेठजींनी मधेच तोडलं. "ते राहू द्या भुजंगराव. वाटूर शिवारात किती रान मोकळं पडलं ते सांगा."

एवढंच. माझ्या पाटीवर शेण पडलं, त्याचं काही नाही. मी आकडा सांगून खाली बसलो. मनात म्हटलं, ज्याच्या छपरातून पाणी गळलं त्याला विचारायचा काय अधिकार आहे?

शेठजी उभे राहिले. म्हणाले, "देखो, दोष कोणाचा ते मागून ठरंल. कपाशीची वेळ जाऊन राह्यली. पुढच्या आठवड्यात ज्याच्या रानात बी पडलं न्हाई त्याचं साल गेलं. ज्याच्या ज्याच्याकडं दुसऱ्या कंपनीचा चांगला माल हाये, त्यानं तो काढायचा. नफा घ्यायचा न्हाई. पैसे वेचणी झाल्यावर."

मागून कोणी म्हणालं, "आमी काऊन भरायचं? आमच्या दुकानात सुफल नव्हतंच."

शेठजी म्हणाले, "आज त्याच्या दारात लोक आले, उद्या तुमच्या दारात येतील. तवा तुमच्या बाजूनं कोण उभं राहील?"

कोणी हात वर केला नाही. मग शेठजींनी स्वतःचं गोडाऊन लिहून दिलं, सगळं. त्यानंतर एकेक जण उठला. पहिली गाडी वाटूरला, असं ठरलं. "मी स्वतः येतो," शेठजी मला म्हणाले.

येणारच. गावाला खूश करून स्वतःची पाठ सोडवून घ्यायची असेल.

१ जुलै, सोमवार

शेठजी टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून आले. मोटार आणली नाही. पारापुढे टेंपो उभा केला आणि स्वतः खाली उतरले. मला वाटलं होतं भाषण करतील. त्यांनी फक्त हात जोडले. लोकांनी काय काय ऐकवलं! एकाने टोपी काढून घेतली आणि मातीत टाकली. शेठजींनी ती उचलली, झटकली नाही, तशीच डोक्यावर ठेवली.

"जे बोलायचं ते बोला," ते म्हणाले, "पण बोलत बोलत बी घेऊन जा. दिवस चालले."

हळूहळू लोक पुढे आले. दुपारपर्यंत टेंपो रिकामा झाला. दादा मात्र आला नाही. मी घरी बोलवायला गेलो तर म्हणाला, "गावानं माझ्या शब्दावर रान वाया घालवलं. त्याह्यच्यासंगं रांगेत हात पसरू? कोणत्या तोंडानं?" तो माझं तोंड बघायलाच तयार नाही, सरळ सांगता येत नाही म्हणून असं बोलतो.

टेंपोतल्या मालाचा हिशेब लावताना एक खोकं कमी भरलं. वाटपाच्या गर्दीत कोणी उचललं असणार. चांगुणाला विचारलं तर तिने ऐकलंच नाही.

शेठजी जाताना पायरीवर बसले, पाणी मागितलं. ग्लास दोन्ही हातांनी धरून प्यायले. वय झालंय त्यांचं. निघताना म्हणाले, "दुकान उघडं ठेवा. विकायला काही नसलं तरी बसा." परवाना नसताना दुकान उघडं ठेवून काय करू?

३ जुलै, बुधवार

दुकान उघडून बसलो. लोक येतात, दुबार लावलेल्या सरकीचं सांगून जातात.

देवानंद साहेब आले. सोमवारी जालन्याच्या विश्रामगृहात चौकशी समिती बसणार आहे. कंपनीकडून मी साक्ष द्यावी असं त्यांचं म्हणणं. "फक्त पाहिलं ते सांगायचं. पत्रे उघडे होते, पाऊस आत आला, माल भिजला."

"पाऊस मी न्हाई पाह्यला साहेब."

"अहो, पत्रे उघडे म्हटल्यावर पाऊस आलाच. हुकमचंदची एजन्सी काढून घ्यायचं वरून ठरलंय. जिल्ह्याला दुसरा माणूस लागेल. शेतकऱ्याचा मुलगा असावा असं मीच सुचवलंय."

ते गेल्यावर मी बराच वेळ रस्त्याकडे बघत बसलो. खोटं कशाला लिहू, मला जालन्याच्या मोंढ्यातली माझी पाटी दिसायला लागली. त्यात वाईट काय? पत्रे उघडे होतेच की.

५ जुलै, शुक्रवार

चांगुणाशी भांडण झालं. तिला साक्षीचं सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मे महिन्यात वळवाचा एक थेंब तरी पडला होता का यंदा? मी पापड वाळत घातले होते तवा आभाळात ढग नव्हता."

"तुला धंद्यातलं काय समजतं?"

"धंद्यातलं न्हाई समजत. पाह्यलं ते सांगा. पाह्यलं न्हाई ते कामून सांगता?"

रागाच्या भरात एसटी पकडून जालन्याला गेलो, सरळ शेठजींच्या पेढीवर. म्हणालो, "तुमच्या गोडाऊनचे पत्रे उघडे होते. मी पाहिलं."

शेठजींनी चष्मा काढला. "होते ना. पावसाळ्याआधी बदलून घेतले. समितीनं विचारलं तर सांगा बराबर. काही दडवू नका."

मला वाटलं होतं, हातापाया पडतील. निदान काही देऊ करतील. तेच पुढे म्हणाले, "मला एक कोडं पडलं भुजंगराव. भोकरदनकडं सुफल विकणाऱ्या, पिंपळगाव रेणुकाईच्या कचरूचं बीसुद्धा उगवलं न्हाई. आन्‌ कचरूचा माल माझ्याकडं आल्ताच न्हाई. कंपनीची गाडी बुलढाण्याकडून थेट त्याच्या दारात उतरली."

"मंग त्यानं सांगावं ना समितीला."

"दोनदा जाऊन आलो. घरी न्हाई म्हणून निरोप दिला. मी गेलो की त्याला वाटतं, शेठ स्वतःची कातडी वाचवून राह्यला. वाटणारच."

त्यांनी मला 'तुम्ही जा' असं म्हटलं नाही. मी एसटी स्टँडवर आलो तेव्हा परतूरची गाडी लागलेली होती. तिच्यात न बसता भोकरदनची गाडी कधी आहे ते विचारलं, आणि लाजून घरी परत आलो.

६ जुलै, शनिवार

तरीही गेलो. राजूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून गणपतीला लांबूनच हात जोडले. काय मागितलं ते मलाच ठाऊक नाही.

पिंपळगावात कचरूभाऊचं दुकान बंद होतं. घरी त्याची आई साळूबाई ओसरीवर बसलेली. "कचरू घरी न्हाई," ती म्हणाली. मी म्हटलं, "आजी, मी वाटूरचा. माझ्याबी पाटीवर शेण पडलं. बसतो जरा." ती आत वळून म्हणाली, "ये रे बाहीर. किती दिस बाईमाणसाच्या मागं लपशील?"

कचरूभाऊ बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे खोल. अंगाने माझ्यासारखाच, वयानेही. देवानंद साहेबांनी त्याला सांगितलं होतं, गप्प बस, तुझ्या गावाचं नाव चौकशीत येऊ देत नाही. इथल्या तक्रारी त्यांनी अर्धी भरपाई देऊन मिटवल्या होत्या. आणि हेही म्हणाले होते की हुकमचंद हटला की जिल्ह्याची एजन्सी तुलाच.

"तुला?" मी विचारलं.

"मला. शेतकऱ्याचा मुलगा पाह्यजे म्हणले."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. पण देवानंद साहेबांना कदाचित दोघांपैकी एकाला निवडायचं असेल, असा विचार तेव्हाही मनात येऊन गेला.

"मी बोललो तर हाये ती एजन्सीबी जाईल," कचरूभाऊ म्हणाला. "या दुकानाबिगर माझ्याकडं काय हाये? तुमचा संघ येणार का माझं घर चालवायला?"

"येईल," मी म्हटलं. "संघ उभा राहील."

हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. पण निघालं आणि मग ते परत घेता येईना. टेंपो कसा आला, शेठजींची टोपी कशी मातीत पडली, सगळं सांगितलं. कचरूभाऊ ऐकत होता. 'येतो' म्हणाला नाही, 'नाही' पण म्हणाला नाही. साळूबाईने ताट वाढलं. जेवून निघालो.

८ जुलै, सोमवार

विश्रामगृहात टेबलामागे समितीचे अधिकारी, एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला आम्ही. देवानंद साहेबांनी माझंच नाव पहिलं पुकारायला लावलं. शेठजी भिंतीकडे बघत बसले होते.

मी सांगितलं. पत्रे उघडे होते. महिना मेचा होता. ऊन होतं. पाऊस मी पाहिला नाही, ओला माल पाहिला नाही, आणि त्या दिवशी माझ्या गाडीत भरलेली खोकी ठणठणीत कोरडी होती.

"पण पत्रे उघडे होते ना?" देवानंद साहेब मधेच बोलले.

"होते साहेब. आभाळबी उघडंच होतं."

मागे कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. जागेवर येऊन बसलो आणि दाराकडे बघत राहिलो. एकामागून एक साक्षी झाल्या. कचरूभाऊ काही आला नाही. मला स्वतःचीच चीड आली. त्याच्या घरी जेवून मी काय मिळवलं?

समिती उठायच्या बेतात होती तेव्हा तो आला. बरोबर साळूबाई. तो दारातच अडला तर म्हातारीने पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. त्याने सांगितलं, माल कोणत्या वाटेने आला, कुठे उतरला, कुठे ठेवला, आणि किती उगवलं नाही. हुकमचंद शेठच्या गोडाऊनचं दारही त्या मालाने पाहिलं नव्हतं. पाकिटावरचा लॉट नंबर मात्र तोच, माझ्या मालाचा.

समितीच्या साहेबांनी चष्म्यावरून देवानंदकडे बघितलं.

बाहेर आल्यावर शेठजी कचरूभाऊजवळ गेले. मला वाटलं आभार मानतील. ते त्याला म्हणाले, "परत जायला गाडी न्हाई आता. माझ्याकडं चला, आईला आराम पाह्यजे."

२७ जुलै

परवाने परत मिळाले. समितीने तपासलेले मालाचे नमुने कंपनीने नाकारले, वकील दिला. संघाने शेतकऱ्यांकडून ग्राहक मंचात दावा लावायचं ठरवलं आहे. निकाल कधी लागेल कोण सांगणार.

शेठजींची एजन्सी गेली. कचरूभाऊचीही. परवाच्या मीटिंगमध्ये ठरलं की जिल्ह्यात सुफलचा माल कोणी धरायचा नाही, आणि आपापल्या एका कंपनीचा भोकरदनच्या बाजूचा व्यवहार प्रत्येकाने कचरूभाऊकडे द्यायचा. मी त्याला दिलेला शब्द संघाला कळवलाच नव्हता. आधीच ठरवून बसले होते सगळे.

दादाच्या रानावरून गेलो. कपाशी वीतभर वर आलेली, हिरवीगार! बी कुठून आणलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "आणलं कुठूनतरी." परतूरहून आणलं असणार, माझ्याकडचं नको म्हणून. चांगुणाला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून आत गेली. तिलाही वाईट वाटलं असावं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बऱ्याच दिवसांनी लिहितो. वेचणी चालू आहे. दुबार सरकीचं पीक पहिल्याएवढं येत नाही, पण घरात कापूस आला. लोक संघाचे पैसे आणून देऊन राहिले आहेत. सगळे नाही, पण देतात. माझ्याशी बोलणं मात्र अजून पहिल्यासारखं नाही.

आज दुपारी दुकानापुढे एसटीतून देवानंद उतरले. जीप नाही. कंपनीने काढून टाकलं म्हणे, सगळा दोष त्यांच्यावर ढकलून. ते मंठ्याला बियाणांचं दुकान टाकणार आहेत. संघाचं सभासदत्व हवंय. शेठजींकडे गेले होते, तर शेठजी म्हणाले, "भुजंगराव सांगतील ते."

मी बाकड्यावर बसायला सांगितलं. चहा मागवला नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मे महिन्यातच. मागच्या सालचं उरलेलं बी नव्या पाकिटात भरलं होतं."

"मंग बोलला कामून न्हाईत?"

"नोकरी होती. दोन मुलं शिकताहेत." मग म्हणाले, "तुम्हाला मी मित्र मानत होतो, भुजंगराव. ते खोटं नव्हतं."

त्यांना हाकलून द्यावं असं वाटलं. मग वाटलं, त्या आठवड्यात चांगुणा भाकरी थापता थापता बोलली नसती तर मीही यांच्याच बाकड्यावर बसलो असतो. राग आला तसा ओसरला, पण मायाही आली नाही.

म्हटलं, "दावा चालू आहे. मंचापुढे हेच सांगाल?"

"सांगीन."

"त्याच्याआधी वाटूरच्या पारावर सांगाल? माझा थोरला भाऊ तिथं जाऊन बसत न्हाई आताशा. लोकांना वाटतं, त्यानं त्याह्यला फसवलं. तुमी सांगितलं तर त्याला बसता येईल."

जालन्याची एसटी आली, हॉर्न वाजवून थांबली. कंडक्टरने त्यांच्याकडे बघून विचारलं, "यायचंय का?" त्यांनी मान हलवली नाही. गाडी गेली.

मग उठले आणि गावाच्या रस्त्याला लागले. चालताना दोनदा थांबले. मी पायरीवरून बघत होतो. चांगुणा माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"एकल्याला पाठवता?" ती म्हणाली. "मारतील त्याला."

मी तिच्या हातात दुकानाच्या किल्ल्या दिल्या, चपला पायात घातल्या आणि त्यांना गाठायला भराभर चालायला लागलो.